झेडपीच्या शाळेत जागतिक बँकेचे पैसे: देतं कोण, फेडतं कोण आणि अटी कुणाच्या?

एप्रिल २०२५ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने पहिली ते नववीच्या परीक्षा थेट २५ एप्रिलपर्यंत नेल्या, तेव्हा विदर्भातून जोरदार आक्षेप आला. साहजिकच होतं. नागपुरात तोवर पारा चाळिशी ओलांडतो. इथल्या उन्हामुळेच विदर्भातल्या शाळा जूनमध्ये उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. त्या वेळापत्रकात वार्षिक परीक्षेसोबत आणखी एक नाव होतं, 'पॅट'. उन्हावर भरपूर चर्चा झाली, पण ही पॅट आली कुठून, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही.

पॅट म्हणजे नियतकालिक मूल्यांकन चाचणी. भाषा, गणित आणि इंग्रजीत मुलांना काय येतं, हे तपासण्यासाठी पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेमार्फत ती घेतली जाते. आणि ती घेतली जाते 'स्टार्स' या प्रकल्पाखाली, ज्याला जागतिक बँकेचं कर्ज आहे.

हो, कर्ज. सोशल मीडियावर 'जागतिक बँकेने महाराष्ट्राच्या शाळांना पैसे दिले' अशा पोस्ट फिरतात, त्यातून हा शब्द हमखास गळतो.

स्टार्स म्हणजे काय?

जागतिक बँकेने २४ जून २०२० रोजी भारतासाठी ५० कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. केंद्रीय मंत्रिमंडळाने १४ ऑक्टोबर २०२० रोजी प्रकल्पाला मान्यता दिली. एकूण खर्च ५,७१८ कोटी रुपये, त्यातला बँकेचा वाटा साधारण ३,७०० कोटी. राज्यं सहा: महाराष्ट्र, मध्य प्रदेश, राजस्थान, हिमाचल प्रदेश, केरळ आणि ओडिशा. राष्ट्रीय पातळीवर मूल्यमापनासाठी 'परख' ही संस्था उभी करणं, हाही याच प्रकल्पाचा भाग होता.

कर्जाची मुदत साडेचौदा वर्षं, त्यात पहिली पाच वर्षं सवलतीची. म्हणजे आज तिसरीत असलेलं मूल कॉलेजला जाईपर्यंत हे कर्ज फिटत राहील. परतफेड डॉलरमध्ये आहे. २०२० मध्ये डॉलर ७४-७५ रुपयांच्या आसपास होता, २०२५ मध्ये तो ८५ च्या पुढे गेला. या दराने ५० कोटी डॉलरचे रुपये ४,२०० कोटींहून जास्त होतात, व्याज वेगळं. हप्ते वेगवेगळ्या दराने आले असल्याने हा हिशोब ढोबळ आहे, पण दिशा कळायला पुरेसा आहे.

मग भारताला या पैशांची एवढी गरज होती का? आकडे बघा. २०२४-२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात समग्र शिक्षा अभियानासाठी ३७,५०० कोटी रुपये होते आणि स्टार्ससाठी १,२५० कोटी. स्टार्सची तरतूद समग्र शिक्षाच्या साडेतीन टक्क्यांहूनही कमी. शिक्षकांच्या पगारावर राज्यं जो खर्च करतात, तो यात धरलेलाच नाही. तो धरला तर बाहेरचा पैसा चिमूटभर उरतो.

एवढ्याशा पैशाची एवढी चर्चा का? कारण या कर्जाची रचना. इमारत बांधली, बिल दाखवलं, पैसे घेतले, असा हा मामला नाही. आधी ठरलेले निकाल दाखवायचे, मग पैसे सुटतात. आणि निकाल दाखवायचा तर तो मोजावा लागतो, मोजायचा तर चाचणी लागते. पॅटचा धागा इथे जुळतो.

नागपूर वगळलं, गडचिरोली घेतलं

नागपूरला शिक्षणासाठी परदेशी पैसा नवा नाही. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले आणि स्कॉटलंडच्या चर्चच्या मदतीवर त्यांनी शाळा चालवली. १८८३ मध्ये सुरू झालेल्या हिस्लॉप कॉलेजला त्यांचंच नाव आहे. ती देणगी होती, सोबत धर्मप्रसाराचा हेतूही उघड होता.

सरकारी शाळांत परदेशी पैसा मोठ्या प्रमाणात आला तो १९९१ च्या आर्थिक संकटानंतर. त्याआधी प्राथमिक शिक्षणात बाहेरची मदत घ्यायला दिल्ली फारशी राजी नसे. १९९४ मध्ये जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, जुन्या शिक्षकांच्या तोंडी तो अजूनही 'डीपीईपी' असतो. जागतिक बँक, युरोपीय संघ, ब्रिटन आणि नेदरलँड्सचा पैसा त्यात होता. खर्चाचे ८५ टक्के केंद्राकडून, १५ टक्के राज्याचे.

जिल्हे निवडताना मुख्य निकष होता राष्ट्रीय सरासरीपेक्षा कमी स्त्री-साक्षरता. त्यामुळे महाराष्ट्रातून मराठवाड्यातले जिल्हे, धुळे आणि विदर्भातून गडचिरोली आत आलं, तर नागपूर बाहेर राहिलं. वर्गखोल्या, शिक्षक प्रशिक्षण, गावपातळीवरच्या शिक्षण समित्या ही या कार्यक्रमाची ओळख. टीकाही झाली. कमी मानधनावरचे कंत्राटी शिक्षक अनेक राज्यांत रुळले ते याच दशकात. महाराष्ट्रात २००० साली शिक्षणसेवक आले, प्राथमिकला महिना ३,००० रुपयांवर. तो निर्णय मात्र राज्याचा होता, कुठल्या बँकेने सही करून घेतला नव्हता.

त्यानंतर सर्व शिक्षा अभियान आलं. त्यातही जागतिक बँक, ब्रिटन आणि युरोपीय संघाचा पैसा होता, पण २००४ पासून आयकरावर लागलेल्या दोन टक्के शिक्षण उपकरामुळे खरा भार देशातल्या करदात्यांवर आला. भारताची भूमिकाही बदलली. २००३ मध्ये सरकारने लहान देणगीदार देशांची मदत बंद केली. ब्रिटनने २०१२ मध्ये जाहीर केलं, की २०१५ नंतर भारताला आर्थिक मदत नाही.

बाहेरच्या पैशावर सगळंच अवलंबून असेल तर काय होतं, याची दोन उदाहरणं पुरेत. राजस्थानातल्या लोकजुंबिश प्रकल्पाला स्वीडनची मदत होती. १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर स्वीडनने ती थांबवली. अणुचाचणीशी प्राथमिक शाळेचा संबंध काय, असा प्रश्न पडेल, पण देणगीदार देशाचं राजकारण शाळेचं वेळापत्रक बघून चालत नाही. दुसरं उदाहरण अफगाणिस्तानचं. तिथे शिक्षकांचे पगारसुद्धा मोठ्या प्रमाणात देणगीदारांच्या निधीतून व्हायचे. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान सत्तेत आले, निधी गोठला आणि शिक्षक महिनोन्महिने बिनपगारी राहिले.

नागपूर जिल्हा परिषदेच्या शिक्षकाच्या पगारावर अशी वेळ येणार नाही. उद्या जागतिक बँकेने गाशा गुंडाळला तरी पगार राज्याच्या तिजोरीतूनच निघेल.

अटी फक्त वॉशिंग्टनच्या नसतात

'परदेशी संस्था आपलं शिक्षण चालवतात' हा सूर त्यामुळेच अर्धवट वाटतो. तमिळनाडूचं बघा. पीएम श्री योजनेचा करार केला नाही म्हणून समग्र शिक्षाचे २,१५२ कोटी रुपये केंद्राने अडवले, अशी त्या राज्याची तक्रार आहे. इथे ना डॉलर होते, ना जागतिक बँक. पैशासोबत अट आपल्याच घरातून येते, तीही जास्त कडक.

नागपूरकरांना जवळचा मुद्दा तर आणखी वेगळा. २०२५ मध्ये नागपूर विभागात शालार्थ आयडी घोटाळा उघड झाला. बनावट आयडी तयार करून बोगस शिक्षकांच्या नावाने पगार उचलले, असा आरोप आहे, अधिकाऱ्यांना अटक झाली, विशेष तपास पथक नेमलं गेलं. हा पैसा राज्याच्या तिजोरीतला, म्हणजे थेट लोकांच्या करातला. जिथे सर्वाधिक पैसा जातो त्या पगाराच्या खात्यावर नजर कमी आणि चिमूटभर कर्जाच्या प्रकल्पात मात्र तिसरीच्या मुलाचा प्रत्येक गुण पोर्टलवर, हा विरोधाभास डोळ्यांत भरतो.

चाचणी वाईट आहे असं नाही. पाचवीतल्या मुलाला दुसरीचा धडा वाचता येत नसेल, तर ते वेळेत कळायलाच हवं. अडचण पुढची आहे. चाचणीने कच्चं मूल सापडलं, तर त्याला शिकवायला शिक्षक हवा. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यता निर्णयामुळे कमी पटाच्या शाळांतली शिक्षकांची पदं घटतील, असा शिक्षक संघटनांचा आक्षेप आहे. त्याआधी जुलै २०२३ मध्ये रिक्त जागांवर निवृत्त शिक्षकांना २०,००० रुपये मानधनावर घेण्याचा निर्णय झाला होता. मोजमापासाठी प्रकल्प आहे, कर्ज आहे, पोर्टल आहे. भरतीचं काम राज्याकडे आहे, आणि ते रखडलं तर जागतिक बँकेला जाब विचारता येत नाही.

स्टार्सची पाच वर्षांची मूळ मुदत २०२४-२५ पर्यंत होती. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पातही त्यासाठी १,२५० कोटी ठेवले गेले. प्रकल्प संपल्यावर चाचण्यांचा, त्यांच्या छपाईचा आणि पोर्टलचा खर्च राज्याला स्वतः करावा लागेल. पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एक गोष्ट आताच विचारायला हरकत नाही: गेल्या पॅटमध्ये आपल्या शाळेतली जी मुलं मागे पडली, त्यांच्यासाठी त्यानंतर काय केलं?