ज्येष्ठांनो, मुखाचे आणि पायांचे स्वराज्य मिळवा!



ज्या हातांनी काळी कसली, गिरण्यांचे माग चालवले, शाळांचे फळे भरले आणि चुली विझू दिल्या नाहीत, ते हात आज घराच्या कोपऱ्यात रिकामे बसवले गेले आहेत. दात होते तेव्हा चणे नव्हते; चणे आले तेव्हा दात गेले. या म्हणीला समाज हसतो. पण दाढ ठणकते, हिरडी सुजते, कवळी टोचते आणि भाकरी ताटात तशीच राहते, तेव्हा हे हसणारे कुठे असतात? गुडघा धरला, तर ‘वय झालं’. दात हलला, तर ‘वय झालं’. चार पावलांत दम लागला, तरी ‘वय झालं’. आयुष्यभराच्या श्रमांचे हेच का वेतन?

हे उत्तर अवमानकारक आहे, आणि असत्यही आहे. दात वयामुळे पडत नाहीत. ते किडीने आणि हिरड्यांच्या रोगाने पडतात. वयानुसार स्नायू झिजतात हे खरे. पण बसून राहिल्याने ते कितीतरी वेगाने झिजतात. रक्तदाबाच्या काही औषधांनी तोंडाला कोरड पडते आणि कीड बळावते, हे आपल्याला कुणी सांगितले? दात स्वच्छ होतात या समजुतीने आपल्या माता-भगिनींनी वर्षानुवर्षे मिश्री लावली. ती जाळलेली तंबाखू आहे, हे त्यांना कुणी बजावले?

मुख दुबळे झाले की देह दुबळा होतो. चावता येईना, म्हणून भाकरी सुटते, शेंगदाणे सुटतात, मोडाची उसळ सुटते. उरतो मऊ भात आणि चहात बुडवलेले बिस्किट. प्रथिने घटतात, मांड्यांतले बळ ओसरते, न्हाणीघरात तोल जातो आणि खुब्याचे हाड मोडते. हिरड्यांचा रोग मधुमेह बिघडवतो आणि मधुमेह हिरड्यांचा रोग चिघळवतो. अस्वच्छ मुखातले जंतू ठसक्यासरशी फुप्फुसांत उतरतात. जपानच्या वृद्धाश्रमांत दोन वर्षे चाललेल्या अभ्यासात, नियमित मुखस्वच्छता राखलेल्यांपैकी ११ टक्क्यांना न्यूमोनिया झाला, तर इतरांपैकी १९ टक्क्यांना. हा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. तरीही आजारी माणसाचे अंग पुसणारे आपण त्याचे दात घासायला विसरतो!

मग शासनाने काय केले? २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्यांना कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचे कवच दिले. पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावरचे. किडलेली दाढ वाचवणे, हिरड्या साफ करणे, कवळी बसवणे या रोजच्या गरजांसाठी म्हाताऱ्याने आपलाच खिसा चाचपायचा! खासगी विमेही सहसा याकडे पाठ फिरवतात. मुख हा काय शरीराबाहेरचा अवयव आहे?

जपानने मात्र १९८९ साली संकल्प केला: ऐंशीव्या वर्षी वीस दात. तेव्हा तिथे त्या वयाच्या दहांत एकाकडेही धड तेवढे दात नसत. २०१६ च्या पाहणीत निम्म्याहून अधिक जणांकडे होते. तिथल्या म्हाताऱ्यांना कुणी नवा देह दिला नव्हता. जे एका राष्ट्राने साधले, ते आपल्याला अशक्य का असावे?

म्हणून उठा! खुर्ची भिंतीला टेकवा आणि तिच्यावरून सावकाश उठा-बसा. ओटा धरून टाचा उचला. बोलता येईल इतक्या वेगाने चाला. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते आणि तोल सांभाळण्याचा सराव तीन दिवस. दहा मिनिटांपासून आरंभ करा. छातीत दुखले वा चक्कर आली, तर थांबा आणि डॉक्टरांना गाठा. मुखालाही व्यायाम द्या. जपानी वृद्ध जेवणाआधी ‘पा-ता-का-रा’ असा घोष करतात. ओष्ठ, दंत, कंठ, मूर्धा ही आपल्या वर्णमालेची स्थानेच त्यात जागी होतात. दोन वेळा दात घासा, कवळी रात्री काढून स्वच्छ करा, मिश्रीची डबी फेकून द्या.

परंतु एकट्याचा निर्धार एकट्याबरोबर थकतो. गावोगावच्या ज्येष्ठ नागरिक संघांनो, विरंगुळा केंद्रांत केवळ वाढदिवस साजरे करू नका. सकाळी सारे मिळून व्यायाम करा. जो आला नाही, त्याच्या दारी जा. ग्रामीण रुग्णालयात दंतवैद्य नसेल, तर शेकडो सह्यांचे निवेदन घेऊन जिल्हाधिकाऱ्यांपुढे उभे राहा. शासकीय दंत महाविद्यालयांची शिबिरे आपल्या गावात मागा. कवळी आणि दंतोपचार सरकारी योजनेत येईपर्यंत प्रत्येक उमेदवाराला जाब विचारा. तुमची मते मोजली जातात, मग तुमच्या वेदना का मोजल्या जाऊ नयेत?

दयेची याचना पुरे झाली. स्वतःच्या पायांवर चालणे, स्वतःच्या दातांनी भाकरी चावणे आणि स्पष्ट वाणीने आपला हक्क मागणे हा तुमचा अधिकार आहे. तो मिळवण्यासाठी उद्या सकाळी घराबाहेर पडा, आणि शेजाऱ्यालाही हाक मारा!