पऱ्हाटीची राख आणि छपाईचे नवे प्लास्टिक

कापसाची शेवटची वेचणी आटोपली, की तळेगावाहून आष्टीकडे वा आर्वीकडे जाणाऱ्या प्रवाशास ठिकठिकाणी धुऱ्यावर पेटलेले पऱ्हाटीचे ढीग दिसतात. थोडी पऱ्हाटी चुलीस लागते, थोडी कुंपणास. उरलेली राख होते. गुलाबी बोंडअळीचा बंदोबस्त करावयाचा तर पऱ्हाटी शेतात उभी ठेवणे बरे नव्हे, हे खरे; परंतु उपटणे म्हणजे जाळणेच, असे कोठे आहे? सातबाऱ्याच्या पीकपेऱ्यात कापसाची नोंद होते, पऱ्हाटीची होत नाही. आणि दप्तरात ज्याची नोंद नाही त्यास किंमत नाही, हा न्याय आम्ही कचेरीत हयातभर पाहिला आहे. यास्तव, या पऱ्हाटीचा भुगा घालून थ्रीडी छपाईचे प्लास्टिक करता येईल, अशी चर्चा कानी येताच तिचा खरेखोटेपणा पारखणे आम्हांस अगत्याचे वाटते.

थ्रीडी छपाई म्हणजे कागदावरील छपाई नव्हे. घरी सोऱ्यातून शेव पाडतात, तद्वत् हे यंत्र प्लास्टिकची तार तापवून बारीक तोटीतून सोडते आणि थरावर थर देत वस्तू उभी करते. तार बहुधा 1.75 मिलिमीटर जाडीची व तोटीचे छिद्र 0.4 मिलिमीटरचे असते. अमेरिकेतील स्कॉट क्रंप यांनी 1989 साली या रीतीच्या पेटंटासाठी अर्ज केला. 2009 साली त्या पेटंटाची मुदत सरली आणि यंत्रे झपाट्याने स्वस्त झाली. आज यंत्र मिळणे कठीण राहिलेले नाही. खरी अडचण मालाची आहे. माल तापताच सारखा वाहावा, तोटीबाहेर येताच आळावा, खालच्या थरास घट्ट चिकटावा आणि निवताना आकसून वाकडा होऊ नये, इतके गुण एकाच प्लास्टिकात आणणे हेच आजच्या संशोधनाचे मुख्य काम होय.

या कामी सर्वांत प्रचलित माल पीएलए हा आहे. मका किंवा ऊस यांच्या साखरेस आंबवून लॅक्टिक आम्ल करतात (दह्यात असते तेच) आणि त्यापासून हे प्लास्टिक बनते. पुणे जिल्ह्यात जेजुरी येथे प्राज इंडस्ट्रीज या कंपनीने 2024 साली अशा जैविक प्लास्टिकांचे प्रात्यक्षिक केंद्र उघडले, ही महाराष्ट्रास भूषणावह गोष्ट आहे. पीएलए सुमारे 200 अंशांच्या आसपास तोटीतून वाहते; त्याहून फार अधिक उष्णतेत लाकूड करपते. म्हणून लाकडाचा किंवा पऱ्हाटीचा भुगा मिसळावयास हेच प्लास्टिक सोयीचे. मात्र भुगा पिठासारखा बारीक दळावा लागतो, नाहीतर तोटी तुंबते. आणि कडक वाळवावा लागतो, नाहीतर त्यातील ओलाव्याची वाफ होऊन तारेत फोड येतात.

येथवर ऐकून कोणी पऱ्हाटीच्या भावाची स्वप्ने पाहू लागेल. त्याने आधी हिशेब मांडावा. भुग्याचे प्रमाण शेकडा 20 धरले तर एक टन तारेस 200 किलो भुगा पुरतो. एकरी पऱ्हाटी ढोबळमानाने एक टन धरली, तर एका एकराच्या पऱ्हाटीत पाच टन तार होईल. एवढी तार खपावयाची कोठे? मोगली एरंडाच्या लागवडीत कित्येकांनी अशाच आशेवर जमीन अडकविली होती, ते विसरू नये. पऱ्हाटीचे मोठे गिऱ्हाईक पार्टिकल बोर्डासारख्या धंद्यातच मिळेल. 1924 साली मुंबईत स्थापन झालेल्या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने ती रीत दाखवून दिलेली आहे. शिवाय काही पऱ्हाटी बारीक करून जमिनीस परत दिलीच पाहिजे.

तर मग या छपाईत आपला लाभ कोणता? आमच्या मते तो कच्चा माल विकण्यात नसून सुटे भाग गावात करून घेण्यात आहे. ऐन पेरणीत तिफणयंत्राची बियाण्याची चकती फुटते, फवारणीच्या दिवसांत पंपाचा दट्ट्या झिजतो. भाग दोन रुपयांचा असो वा दोनशेंचा, वाफसा कोणासाठी थांबत नाही. तळेगाव हमरस्त्यावर असूनही अशा भागासाठी नागपूर वा अमरावती गाठावी लागते आणि दिवस बुडतो.

परंतु येथेच पीएलएचा दोष आड येतो. ते सुमारे 60 अंशांस मऊ पडते. आमच्या वऱ्हाड-वर्ध्याच्या वैशाखात सावलीतच पारा 45 अंशांपर्यंत चढतो. उन्हातील टिनाखाली किंवा बंद मोटारीत ठेवलेल्या भागाचे काय होईल, हे सांगणे नको. थंड देशांच्या हवेस पुरणारा माल आमच्या हवेस पुरेलच असे नाही. पऱ्हाटीच्या भुग्याने तार ताठ व स्वस्त होईल, पण तेवढ्याने ती उन्हास टिकणार नाही. तसेच हे प्लास्टिक आपोआप कुजते, हा समजही अर्धवट आहे. सुमारे 58 अंश उष्णता राखणाऱ्या खतकारखान्यात ते कुजते. आपल्या काळ्या जमिनीत एका हंगामात नव्हे. तुटके भाग वावरात टाकू नयेत.

यास्तव आमची सूचना अशी. वारंवार मोडणाऱ्या भागांची यादी संघाच्या सभासदांनी मापांसह करावी. निरनिराळ्या मालाचे नमुने छापवून ते एक पूर्ण उन्हाळा छतावर आणि काही दिवस फवारणीच्या औषधात ठेवावेत, व निकाल याच मासिकात छापावा. मगनवाडीत 1934 साली ग्रामोद्योग संघ उभा राहिला आणि त्याच भूमीत आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. तिच्याकडे संघाने ही यादी घेऊन जावे. आमच्या उन्हास टिकेल असा माल आमच्यासाठी कोणी आपण होऊन शोधणार नाही. मागणी आपणच नोंदविली पाहिजे. नोंद नसली, तर पऱ्हाटीप्रमाणे आपली गरजही धुऱ्यावरच जळून जाईल.