पहिल्या २४ तासांची लस

दिवाळीच्या आगेमागे गाळप हंगाम सुरू झाला, की बारामती आणि इंदापूर तालुक्यांत ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उतरतात. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर या कारखान्यांच्या परिसरात कोप्या उभ्या राहतात. बीडसारख्या जिल्ह्यांतून आलेल्या या टोळ्यांत गरोदर स्त्रियाही असतात. एखादी दवाखान्यात बाळंत होते, एखादी कोपीतच. बाळ रडते, अंगावर पिते. सारे सुखरूप पार पडले असे वाटते. पण जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यायची हिपॅटायटिस बीची लस राहून जाते.

या लसीची एवढी घाई का? हिपॅटायटिस बी हा यकृताला बाधणारा विषाणू. आईच्या रक्तात तो असेल, तर मुख्यतः प्रसूतीच्या वेळी तो बाळाकडे जातो. मोठ्या माणसाला लागण झाली, तर त्याची प्रतिकारशक्ती विषाणूशी झुंजते. कावीळ होते, पण ९५ टक्क्यांहून अधिक जण त्यातून मुक्त होतात. नवजात बाळात चित्र नेमके उलटे. लागण झालेल्या सुमारे ९० टक्के बाळांच्या शरीरात विषाणू कायमचा मुक्काम करतो.

याचे कारण गर्भाशयातच आहे. आईच्या पेशींवर हल्ला होऊ नये म्हणून गर्भाची प्रतिकारशक्ती आवरलेली असते. जन्मानंतरही काही काळ ती परक्याला सांभाळून घेते. गोवरासारख्या आजारांत आईची प्रतिपिंडे वारेतून मिळून बाळाला काही महिने संरक्षण देतात. परंतु हिपॅटायटिस बीची बाधा कायम असलेल्या आईकडे या विषाणूला रोखणारी प्रतिपिंडेच नसतात, मग ती बाळाला कुठून मिळणार?

झुंजच न झाल्याने बाळाला ताप येत नाही, कावीळ दिसत नाही. पुढे काही दशकांनी यकृत आकसणे किंवा यकृताचा कर्करोग समोर येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांना हिपॅटायटिस बीची दीर्घकालीन बाधा होती.

दिलासा असा, की हीच कोवळी प्रतिकारशक्ती लसीला चांगला प्रतिसाद देते. विषाणू यकृतात ठाण मांडण्याआधी प्रतिपिंडे तयार व्हावीत, म्हणून २४ तासांची मर्यादा. आई बाधित असेल, तर लसीबरोबर तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही बाळाला देतात. आईच्या रक्तात विषाणूंचे प्रमाण फार असेल, तर गरोदरपणातच तिला गोळ्या सुरू करतात. राष्ट्रीय कार्यक्रमात हे उपचार मोफत आहेत. बाधित आईने बाळाला अंगावर पाजायलाही हरकत नाही.

प्रश्न औषधाचा नाही, अंतराचा आहे. गरोदर स्त्रीची रक्ततपासणी गावी होते, प्रसूती दुसऱ्या जिल्ह्यात आणि ६, १०, १४ आठवड्यांचे डोस कधी फडाजवळ, कधी परत गावी. म्हणून माता-बाल संरक्षण कार्ड कोयत्याइतकेच जपून सोबत आणायला हवे. टोळीत कोण गरोदर आहे, तिचे दिवस कधी भरतात, हे मुकादमाने आशाताईंना आल्याबरोबर सांगावे. आणि कोपीत प्रसूती झालीच, तर आई ठणठणीत दिसत असली तरी बाळाला त्याच दिवशी जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यावे. २४ तास उलटून गेले असले, तरीही न्यावेच. पुढचे काय ते तिथले डॉक्टर ठरवतील.