भट्टी थांबत नाही, म्हणून गाडीही थांबू शकत नाही

छत्तीसगडमधील दुर्ग जिल्ह्यात, भिलाईपासून अवघ्या २०-२२ किलोमीटरवर नंदिनी नगर ही खाणकामगारांची वसाहत आहे. येथील चुनखडी भिलाई पोलाद कारखान्यात जाते. लोहखनिजातील सिलिकासारख्या अशुद्ध घटकांशी चुनखडीतील चुन्याचा संयोग होतो आणि ते मळीच्या रूपाने वेगळे पडतात. ही चुनखडी पोहोचली नाही, तर झोतभट्टीतून चांगले लोखंड मिळणे अवघड होते.

झोतभट्टीचे वैशिष्ट्य असे, की ती रात्री बंद करून सकाळी पुन्हा पेटवता येत नाही. एकदा पेटविलेली भट्टी वर्षानुवर्षे अखंड चालते. त्यामुळे उत्पादनाचे वेळापत्रक एका कार्यालयात आणि मालगाड्यांचे दुसऱ्या कार्यालयात, असे दोन स्वतंत्र कागद पोलाद उद्योगाला परवडत नाहीत. मालाचा साठा करून ठेवावा, तर पैसा अडकतो. साठा कमी ठेवावा, तर एखादी गाडी उशिरा येताच भट्टीचा वेग उतरवावा लागतो. गाडी वेळेत आली पण ती रिकामी करण्यास जागा नसेल, तर ठरलेल्या मुदतीनंतर रेल्वेचा विलंब आकार सुरू होतो. शिवाय त्याच वाघिणी पुढच्या फेरीसाठी मिळत नाहीत, हे नुकसान हिशेबाच्या वहीत सहसा दिसत नाही.

सोव्हिएत संघाच्या सहकार्याने भिलाईचा कारखाना उभारण्याचा करार १९५५ मध्ये झाला व ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दक्षिणेस ऐंशी-नव्वद किलोमीटरवर दल्ली-राजहराचे लोहखनिज, बिलासपूरजवळ हिर्रीचा डोलोमाइट, हाताच्या अंतरावर नंदिनीची चुनखडी आणि शेजारून जाणारा मुंबई-हावडा लोहमार्ग. वाहतुकीचा निम्मा प्रश्न जागेच्या निवडीनेच सुटला होता, असे म्हणता येईल.

ही सोय आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. कोकिंग कोळशाचा मोठा भाग परदेशातून, मुख्यतः ऑस्ट्रेलियातून, जहाजाने येतो. पोलाद शुद्ध करण्यासाठी कमी सिलिकाची चुनखडी लागते. तिच्यासाठी देशातील पोलाद कारखाने राजस्थानातील जैसलमेरपर्यंत जातात. राजहराचे साठे उतरणीला लागल्याने पर्यायी रावघाट खाणींचा विचार अनेक दशके चालला. परंतु माओवादी हिंसाचाराच्या छायेत दल्ली-राजहरा ते रावघाट हा ९५ किलोमीटरचा रेल्वेमार्ग वर्षानुवर्षे रखडला. २०२२ मध्ये अंतागढपर्यंत रेल्वे पोहोचली, तेव्हा खाणीतून तिथपर्यंत ट्रकने आणि पुढे रेल्वेने, अशी दुहेरी वाहतूक करावी लागली. मध्ये एकदा माल उतरवून पुन्हा भरणे म्हणजे वेळापत्रकात आणखी एक कच्चा दुवा.

दुसऱ्या टोकालाही हाच प्रश्न आहे. भिलाईच्या नव्या रूळ कारखान्यात १३० मीटर लांबीचा अखंड रूळ तयार होतो. असे दोन रूळ जोडून २६० मीटरची लांबी रेल्वेला दिली जाते. सांधे जितके कमी, तितका मार्ग सुरक्षित. मात्र हे रूळ वाहून नेण्यासाठी खास मालगाड्या लागतात. दूरच्या मार्गावर गेलेली अशी गाडी रिकामी होऊन परत येईपर्यंत तयार रूळ कारखान्यातच पडून राहतात आणि जागा भरली की रूळ तयार करण्याचे काम मंदावते. इथे गंमत अशी, की रुळांची ग्राहकही रेल्वेच आणि वाहतूकदारही रेल्वेच! तरीही मागणी व पुरवठ्याचा मेळ बसेना, म्हणून २०१८ मध्ये रेल्वेने निविदा काढून जिंदाल स्टील अँड पॉवर या खासगी कंपनीला सुमारे १ लाख टन रुळांचे काम दिले.

रेल्वेमार्गाची क्षमता ठरलेली असते आणि तिच्यावर अनेकांचा हक्क असतो. २०२२ च्या उन्हाळ्यात वीजकेंद्रांच्या कोळशाला वाट मिळावी म्हणून दक्षिण पूर्व मध्य रेल्वेने अनेक प्रवासी गाड्या रद्द केल्या. या विभागाचा मार्ग गोंदियामार्गे नागपूरकडे येतो. त्या दिवसांत फलाटावर ताटकळलेल्या प्रवाशांना समोरून एकामागून एक मालगाड्या जाताना दिसत होत्या.