बिल हातात पडण्याआधी

तुळिंजमध्ये महापालिकेचं रुग्णालय असूनही घरात आजारपण आलं की पावलं आधी खासगी दवाखान्याकडे वळतात, आणि मग दागिने गहाण पडतात. हे थांबायला हवं.

मधुमेहाच्या गोळ्यांची पट्टी नीट पाहा. कंपनीच्या नावाजवळ ‘मेटफॉर्मिन’सारखं औषधाचं मूळ नाव छापलेलं असतं. डॉक्टरांकडून तेच नाव चिठ्ठीवर लिहून घ्या. जनऔषधी केंद्रात ही गोळी बरीच स्वस्त मिळते. किती मिलिग्रॅम, साधी की ‘एसआर’ (शरीरात औषध हळूहळू सोडणारी), हे मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

मोठ्या आजारासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. पण ठरावीक आजारांवर आणि ठरावीक रुग्णालयांतच. म्हणून रुग्णाला दाखल करतानाच तिथल्या योजनेच्या मदतनीसाला, म्हणजे आरोग्यमित्राला गाठा, रेशनकार्ड दाखवा.

धर्मादाय रुग्णालयांचं तर अनेकांना ठाऊकच नसतं. मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या २००६ च्या योजनेनुसार तिथे १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव आहेत. हा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नव्हे. मागताना संकोच कसला? उत्पन्नाचा दाखला तेवढा आजच काढून ठेवा, कारण रुग्ण अतिदक्षता विभागात असताना तहसील कार्यालयाच्या रांगेत उभं राहायला घरात माणूस उरत नाही.