केडगावचा दाखला

तारण विश्वासाने की कृत्यांनी, हा वाद मंडळीइतकाच जुना. पौल रोमकरांना अब्राहामाचा दाखला देतो तो विश्वासासाठी. याकोब त्याच अब्राहामाकडे बोट दाखवतो ते कृतीसाठी. लूथरला याकोबाचे पत्र कधी पचनी पडले नाही. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्गला कॅथलिक आणि लूथरन प्रतिनिधींनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या: तारण कृपेनेच, सत्कृत्ये ही तिची फळे.

मला मात्र हे पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात अधिक लख्ख दिसते. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा झाला, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले. विधवांसाठी एवढे काम उभे राहिले, तरी स्वतःच्या तारणाची खात्री नव्हती. ती १८९०नंतरच्या काळात लाभली, असे त्यांनीच आपल्या साक्षीत मोकळेपणाने लिहिले आहे. केवढा हा प्रामाणिकपणा!

खात्री पटल्यावर माणूस निवांत बसेल, असे कोणालाही वाटेल. रमाबाई १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या, उपाशी मुलीबाळींना घेऊन आल्या, आणि केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले. आता देवाकडून काही कमवायचे उरले नव्हते, म्हणूनच हात असे मोकळे झाले, असे मी मानतो. विश्वासाच्या नावाखाली शेजाऱ्याच्या भुकेकडे पाठ फिरवणाऱ्या उपदेशाला मी शुभवर्तमान म्हणणार नाही. रमाबाई पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबल उतरवत राहिल्या.