थंड गाडीचे गचके

डिसेंबर-जानेवारीत आपल्या बेळगावची सकाळ चांगलीच बोचरी असते. टिळकवाडीत, शहापुरात गल्लोगल्ली गाड्या सुरू होतात आणि त्यातली एखादी गचके देत पुढे सरकते. दहा मिनिटांनी तीच गाडी लोण्यासारखी पळते. मग घरधनी म्हणतात, ‘गरम झाली की नीट होते, जाऊ दे.’ पण हा गचका नेमका बसतो तो गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागताना. मागून उसाचा ट्रॅक्टर येत असतो आणि आपल्या गाडीत शाळेची मुले असतात. म्हणून हे दुखणे अंगावर काढू नये.

माझा विषय मराठी व्याकरण. गाडीचे जे काही कळते, ते उद्यमबागेतल्या एका जुन्या मिस्त्रींच्या बाकड्यावर बसून कळलेले. आमच्या कॉलेजातल्या एका मॅडमची पेट्रोल गाडी अशीच गचके देत होती. एका गॅरेजात आधी प्लग बदलले, मग पेट्रोल पंप बदलला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! कारण गाडी गॅरेजात पोहोचेपर्यंत गरम झालेली असे आणि दोष कुणालाच दिसत नसे.

मिस्त्रींनी मात्र एकच विचारले, ‘यावाग जर्क होडीतैति?’ आणि गाडी रात्रभर तिथेच ठेवून घेतली. सकाळी स्कॅनर लावला, तर गारठलेले इंजिन संगणकाला ‘मी गरम आहे’ असे सांगत होते. तापमानाचा सेन्सर खोटे बोलत होता! काही शे रुपयांत काम झाले.

यामागचे कारण सोपे आहे. पेट्रोल जळते ते वाफ होऊन. साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल, असे वजनी प्रमाण लागते. थंड इंजिनात काही पेट्रोल वाफ न होता भिंतींना चिकटून राहते, म्हणून सुरुवातीला ते थोडे जास्त द्यावे लागते. जुन्या पद्मिनीत त्यासाठी आपण चोक ओढायचो. आता तो हिशेब संगणक करतो, आणि त्याचा भरवसा तापमानाच्या सेन्सरवर. धुराच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर चुका दुरुस्त करतो खरा, पण तो स्वतः चांगला तापल्याशिवाय कामाला लागत नाही. म्हणूनच बरेच दोष सकाळी दिसतात आणि नंतर झाकले जातात.

आता घरच्या घरी काय पाहावे? सकाळी, गाडी थंड असताना, न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटर हळूच दाबा. इंजिन अडखळले तर दोष हवा, पेट्रोल किंवा ठिणगीत शोधायचा. झिजलेले प्लग, कॉइल, काजळी धरलेली थ्रॉटल बॉडी, तडकलेला रबरी पाइप हे नेहमीचे संशयित. पावसाळी ओलीत त्रास वाढत असेल, तर ठिणगीकडे आधी पाहावे. काळा धूर आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल जास्त जाते आहे.

न्यूट्रलमध्ये इंजिन सुरळीत, पण पहिल्या किंवा रिव्हर्स गिअरला क्लच सोडतानाच गाडी थरथरते? मग क्लच आणि इंजिनाचे माउंटिंग पाहायला सांगा. दमट रात्रीनंतर क्लच पहिल्या दोन-चार वेळा थरथरून गप्प होत असेल, तर फार काळजी नको. डिझेल गाडी असेल तर किल्ली फिरवल्यावर कॉइलचा दिवा विझेपर्यंत थांबा. तरीही ती अडखळली आणि पांढरा धूर आला, तर ग्लो प्लग तपासून घ्या.

इंजिनाचा पिवळा दिवा लागला असेल, तर बॅटरीची वायर काढून तो घालवू नका. त्यात नोंदलेला कोडच पुसला जातो. दिवा लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका, सायलेन्सरच्या वाटेवरचा महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ शकतो. रात्रभर उभ्या गाडीत स्कॅनरवरचे तापमान बाहेरच्या हवेइतकेच दिसायला हवे. बाहेर १५ अंश आणि तिथे ८० दिसले, तर चोर सापडलाच म्हणून समजा!

व्याकरणात ‘केव्हा’ हा शब्द छोटासा, पण गाडीच्या निदानात त्याच्याइतका कामाचा दुसरा नाही. चार दिवस सकाळी नोंद करा: गाडी किती तास उभी होती, गचका कोणत्या गिअरला बसला, किती मिनिटांनी थांबला, दिवा लागला का. ती चिठ्ठी घेऊन गाडी आदल्या संध्याकाळीच गॅरेजात सोडा आणि कोणताही भाग बदलण्याआधी ‘सकाळी थंड असताना बघा’ असे सांगा. चिठ्ठी मराठीत लिहा नाहीतर कन्नडमध्ये. आपल्याकडच्या मिस्त्रींना दोन्ही वाचता येतात!